गोळीने बॅकहँड येतो का? टेनिसमधील उत्तेजके आणि आपण प्रेक्षक



२०२५ च्या जुलै महिन्यातील गोष्ट. १३ तारखेला, रविवारी रात्री विम्बल्डनचा अंतिम सामना पाहायला आमच्या घरी सात-आठ मंडळी जमली होती. बाहेर पाऊस, हातात भुट्ट्याच्या किसाच्या बशा आणि समोर यानिक सिनर विरुद्ध कार्लोस अल्काराझ. पहिला सेट गमावून सिनरने पुढचे तिन्ही सेट ६-४, ६-४, ६-४ असे जिंकले. मी टाळ्या वाजवल्या. शेजारचे गृहस्थ मात्र म्हणाले, "अहो, हा तर डोपिंगच्या प्रकरणात तीन महिने बाहेर बसून आलेला. याचं कसलं कौतुक?"

आमचे जावई लगेच म्हणाले, "काका, टेनिस हा हाताचा खेळ आहे. गोळी खाऊन कोणाला बॅकहँड येतो का?"

वाद चांगलाच रंगला. माझी तेरा वर्षांची नात इथेच टेनिस शिकते, चौदा वर्षांखालील स्पर्धांत खेळते. तिने मला सरळ विचारले, "आजोबा, सिनर चीटर आहे की नाही?"

बँकेत सदतीस वर्षे काढली. कर्जाच्या कागदांवर हो किंवा नाही लिहायला मी कधी फार वेळ घेतला नाही. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यानंतर काही महिने मी हा विषय जमेल तसा वाचला. मी डॉक्टर नाही, खेळाडू तर नाहीच. बी. कॉम. झालेला, हिशेबात रमणारा माणूस आहे. त्यामुळे जे समजले ते माझ्या पद्धतीने मांडतो.

कौशल्य हातात, पण हात पायांवर

जावयांचे म्हणणे अर्धे खरे आहे. चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणे, रॅकेटचा कोन, मनगटाची नजाकत, कोणत्या क्षणी ड्रॉप शॉट टाकायचा याची समज, यांपैकी काहीही बाटलीतून मिळत नाही. ते लहानपणापासून लाखो चेंडू मारून येते. उद्या मी जगातली सगळी उत्तेजके घेतली तरी माझी सर्व्हिस जाळीतच जाईल.

पण त्याच वर्षीचा फ्रेंच ओपनचा अंतिम सामना आठवा. हेच दोघे ५ तास २९ मिनिटे खेळले. सिनरला विजेतेपदाचे तीन गुण मिळाले होते, ते अल्काराझने वाचवले आणि सामना फिरवला. २०१२ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये जोकोविच आणि नदाल यांची अंतिम लढत ५ तास ५३ मिनिटे चालली होती. अशा सामन्यात पाचव्या सेटला हात तोच असतो, कौशल्यही तेच असते, पण पाय अर्धा क्षण उशिरा पोहोचतात. अर्धा क्षण उशीर झाला की चेंडू शरीराच्या मागे जातो आणि जगातला सर्वोत्तम बॅकहँडसुद्धा बाहेर पडतो. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष खेळाडूला दोन आठवड्यांत असे सात सामने जिंकावे लागतात. आज चार तास खेळलेला माणूस परवा किती ताजा असेल, यावर बरेच काही ठरते.

उत्तेजके इथे कामाला येतात. ती कौशल्य देत नाहीत. असलेले कौशल्य थकू देत नाहीत. शिवाय सराव करायला जास्त ताकद देतात, म्हणजे कौशल्य वाढवायलाही अप्रत्यक्ष हातभार लावतात. म्हणून "टेनिसमध्ये डोपिंगचा उपयोग नाही" हे विधान मला आता मान्य नाही.

कोणते औषध काय करते

या द्रव्यांचे ढोबळ मानाने काही गट आहेत. गंमत अशी की यांतील बरीचशी मुळात रुग्णांसाठी बनलेली औषधे आहेत.

पहिला गट अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडचा. नॅन्ड्रोलोन, स्टॅनोझोलॉल, क्लोस्टेबॉल ही त्यातली नावे. स्नायू वाढवणे आणि श्रमानंतरची झीज लवकर भरून काढणे हे त्यांचे काम. १९९८ चा ऑस्ट्रेलियन ओपन विजेता पीटर कोर्डा त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये नॅन्ड्रोलोनसाठी दोषी आढळला होता.

दुसरा गट रक्तातील तांबड्या पेशी वाढवणाऱ्या द्रव्यांचा. पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो, दम टिकतो. ईपीओ हे यातले प्रसिद्ध नाव. रॉक्साडुस्टॅट हे मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्त कमी झाल्यावर देतात. तेच २०२२ च्या अमेरिकन ओपनमध्ये सिमोना हालेपच्या नमुन्यात सापडले.

तिसरा गट हृदयाच्या औषधांचा. मारिया शारापोव्हाचे मेल्डोनियम आणि इगा स्विआतेकच्या प्रकरणातील ट्रायमेटाझिडीन ही दोन्ही हृदयविकाराच्या रुग्णांना दिली जाणारी औषधे आहेत. याखेरीज तात्पुरती तरतरी आणणारी उत्तेजके आणि इतर औषधांच्या खुणा लपवण्यासाठी घेतली जाणारी, लघवी वाढवणारी औषधे, असे आणखी गट आहेत.

कोणते द्रव्य बंदीच्या यादीत घालायचे हे जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था ठरवते. तिचे इंग्रजी लघुरूप 'वाडा'. आपल्याला वाडा म्हटले की राजवाडा आठवतो. हा वाडा १९९९ साली स्थापन झाला आणि त्याचे मुख्य कार्यालय कॅनडात मॉन्ट्रियलला आहे. वाडाचे निकष तीन: द्रव्याने कामगिरी वाढते का, आरोग्याला धोका आहे का, आणि ते खेळाच्या भावनेविरुद्ध आहे का. तीनपैकी दोन निकष लागू पडले तरी द्रव्य यादीत जाऊ शकते. म्हणूनच चहा-कॉफीतले कॅफीन २००४ पासून बंदीच्या यादीत नाही, आणि कोकेन मात्र आहे.

संध्याकाळची कॅश

आता नियम कसा चालतो ते पाहू. हा भाग मला चटकन समजला, कारण बँकेतल्या कोणत्याही कॅशियरला तो ठाऊक आहे.

संध्याकाळी कॅश जुळवताना समजा पाच हजार कमी भरले. कॅशियरने चोरले की मोजताना चुकले की कोणाला जास्त दिले गेले, हा प्रश्न नंतरचा. आधी कमी पडलेली रक्कम कॅशियरने भरायची. त्याच्या ताब्यात कॅश होती, म्हणून जबाबदारी त्याची. मग चौकशी होते. हेतू वाईट आढळला तर नोकरी जाते, नजरचूक ठरली तर ताकीद मिळून विषय संपतो.

डोपिंगचा नियम असाच आहे. खेळाडूच्या शरीरात काय आहे याला खेळाडू जबाबदार. हेतू असो वा नसो, बंदी असलेले द्रव्य सापडले की त्या स्पर्धेतील निकाल, गुण आणि बक्षिसाची रक्कम जाते. त्यानंतर बंदी किती हे दोष पाहून ठरते. हेतुपुरस्सर घेतले असेल तर साधारण चार वर्षे. हेतू नव्हता असे दाखवता आले तर दोन वर्षे किंवा त्याहून कमी. औषध किंवा पूरक आहारच दूषित होता हे सिद्ध झाले तर नुसत्या ताकिदीपर्यंतही शिक्षा खाली येऊ शकते. आणि खेळाडूचा काहीच दोष नाही असे ठरले तर बंदी शून्य. मात्र द्रव्य शरीरात कसे आले हे दाखवण्याचे ओझे खेळाडूवरच असते.

तपासणीही आमच्या अचानक येणाऱ्या इन्स्पेक्शनसारखी. आघाडीच्या खेळाडूंना दररोज कोणत्या एका तासात आपण कुठे सापडू हे आधी कळवून ठेवावे लागते. बारा महिन्यांत तीनदा चुकले तर नमुना न देताही दोषी. शिवाय नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. आज न सापडलेले उद्याच्या यंत्रावर सापडू शकते.

शहाऐंशी रुपयांचा हिशेब

सिनरचे प्रकरण याच चौकटीत पाहू. मार्च २०२४ मध्ये इंडियन वेल्स स्पर्धेत आणि त्यानंतर आठ दिवसांनी, अशा त्याच्या दोन नमुन्यांत क्लोस्टेबॉल सापडले. पहिल्या नमुन्यातील प्रमाण होते एका मिलिलिटरमध्ये ८६ पिकोग्रॅम. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. मिलिलिटरभर लघवीचे वजन एक ग्रॅमच्या आसपास धरले, तर हे प्रमाण एक लाख कोटी रुपयांत ८६ रुपये इतके झाले. एवढा फरक कोणत्याही बँकेच्या ताळेबंदात दिसणारसुद्धा नाही.

पण इथे माझी पहिली समजूत चुकली. "इतके कमी, म्हणजे निर्दोष," असे मला वाटले होते. तसे नसते. आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेचे शेवटचे अवशेषही इतकेच असू शकतात. म्हणून आकडा एकटा काही सांगत नाही. तो तिथे कसा आला याचा खुलासा पटावा लागतो.

सिनरचा खुलासा असा होता. त्याच्या फिजिओथेरपिस्टचे बोट कापले होते. इटलीत सहज मिळणारा, क्लोस्टेबॉल असलेला एक स्प्रे त्याने जखमेवर मारला आणि त्याच हातांनी सिनरला मालिश केले. तज्ज्ञांना हे संभवनीय वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरणाने त्याचा दोष नाही असा निर्णय दिला. इंडियन वेल्सचे ४०० गुण आणि ३ लाख २५ हजार डॉलर मात्र गेले. म्हणजे कमी पडलेली कॅश भरावी लागलीच. पुढे वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केले आणि एक ते दोन वर्षांची बंदी मागितली. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड झाली: तीन महिने बंदी. त्याचा फसवण्याचा हेतू नव्हता आणि त्याला खेळात काही फायदाही झाला नाही, हे वाडाने मान्य केले. पण आपल्या माणसांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी त्याच्यावर ठेवली. बंदी ४ मेपर्यंत होती, फ्रेंच ओपनच्या आधी संपली. त्यामुळे एकही ग्रँड स्लॅम बुडाले नाही आणि टीका करणाऱ्यांना आयता मुद्दा मिळाला.

आपला तो बाळ्या

हे सगळे वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली, ते सांगतो.

मार्च २०१६ मध्ये शारापोव्हाने पत्रकार परिषद घेऊन आपण दोषी आढळल्याचे सांगितले. मेल्डोनियम ती दहा वर्षे घेत होती, आणि १ जानेवारी २०१६ पासूनच ते बंदीच्या यादीत आले होते. यादी बदलल्याचे आपण वाचले नाही, असे ती म्हणाली. मला तिचे कोर्टवरचे ओरडणे कधीच आवडले नव्हते. मी त्याच दिवशी घरात निकाल दिला: "खोटं बोलतेय." पुढे लवादाने ती जाणूनबुजून फसवणारी नव्हती असे सांगून बंदी दोन वर्षांवरून पंधरा महिन्यांवर आणली. ते मी वाचलेच नव्हते.

याउलट आंद्रे आगासी माझा लाडका. १९९७ मध्ये तो अमली पदार्थाच्या चाचणीत दोषी आढळला होता, आणि मदतनिसाच्या पेयातून चुकून घेतले गेले असे खोटे पत्र लिहून सुटला. हे त्याने स्वतःच २००९ मध्ये आत्मचरित्रात लिहिले. ते द्रव्य कामगिरी वाढवण्यासाठी नव्हते हे खरे. पण खोटे बोलल्याची लेखी कबुली असूनही मी म्हणालो होतो, "बघा, किती प्रामाणिक माणूस!"

आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण काही उगाच नाही. मनगटाने खेळणारा नाजूक खेळाडू दिसला की आपण म्हणतो, हा अस्सल कलावंत, याला औषध कशाला? दंड फुगलेला, धावत सुटणारा खेळाडू दिसला की शंका घेतो. नदालला हे आयुष्यभर सोसावे लागले. फ्रान्सच्या एका माजी क्रीडामंत्र्याने टीव्हीवर त्याच्यावर डोपिंगचा आरोप केला. नदालने आपल्या सर्व चाचण्यांचे निकाल जाहीर करा असे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाला लिहिले, खटला भरला, आणि २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयात तो जिंकलाही. दंडाच्या घेराला पुरावा मानणे सोपे आहे, पण ते चूक आहे. २००५ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यानंतर दोषी सापडला तो नदाल नव्हता, त्याच्याकडून हरलेला मारियानो पुएर्ता होता.

वकील कोणाला परवडतो

सिनरच्या बाबतीत लोकांचा खरा राग कशावर आहे, हेही समजून घ्यायला हवे. स्प्रेच्या गोष्टीपेक्षा तो वागणुकीतल्या फरकावर जास्त आहे. सिनरच्या मदतीला तज्ज्ञ आणि वकील लगेच उभे राहिले, खुलासा काही दिवसांत दाखल झाला आणि तो खेळत राहिला. जगाला हे कळले ऑगस्टमध्ये. हालेप ऑक्टोबर २०२२ पासून निलंबित होती. तिला आधी चार वर्षांची बंदी झाली, मग मार्च २०२४ मध्ये लवादाने ती नऊ महिन्यांवर आणली. तोवर तिचे सतरा महिने गेले होते. २०२५ च्या फेब्रुवारीत तिने निवृत्ती घेतली.

ब्रिटनची दुहेरी खेळाडू तारा मूर हिचे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे. २०२२ मध्ये ती निलंबित झाली. दूषित मांसातून द्रव्य आले हे तिचे म्हणणे मान्य करून न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये तिला दोषमुक्त केले. त्यावर अपील झाले आणि जुलै २०२५ मध्ये लवादाने तिला चार वर्षांची बंदी सुनावली. एकाच पुराव्यावर एका ठिकाणी दोष नाही, दुसऱ्या ठिकाणी चार वर्षे. प्रत्येक प्रकरणाचे तपशील वेगळे असतात, त्यामुळे बंदीच्या महिन्यांची थेट तुलना करणे बरोबर नाही. पण मोठ्या खातेदाराला मॅनेजरच्या केबिनमध्ये खुर्ची आणि लहानाला रांगेत टोकन, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. प्रेक्षकांना तसाच वास येत असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

आपल्या इंदूरची गोष्ट

तुम्ही म्हणाल, हे सगळे परदेशातले. मग आपल्या गावचे ऐका. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेचा सामना इंदुरात सुरू होता. मुश्ताक अली तर आपलेच, होळकर संघाचे. त्या सामन्याच्या वेळी मुंबईचा तरुण फलंदाज पृथ्वी शॉ याचा नमुना घेण्यात आला. त्यात टर्ब्युटालिन सापडले. हे द्रव्य खोकल्याच्या अनेक औषधांत असते. त्याने खोकल्यासाठी सिरप घेतले होते. क्रिकेट मंडळाने नजरचूक मान्य केली, तरी आठ महिन्यांची बंदी घातली.

हे वाचले आणि मी जागेवरून उठलो. आदल्या हिवाळ्यात नातीला स्पर्धेच्या तीन दिवस आधी खोकला झाला होता. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून सिरप आणून मीच तिला दिले होते, डॉक्टरला न विचारता. औषध-गोळ्यांच्या डब्यात बाटली अजून होती. चष्मा लावून लेबल वाचले. टर्ब्युटालिन. तिची चाचणी झाली नव्हती म्हणून निभावले. झाली असती तर त्या मुलीच्या नावापुढे लागलेला डाग माझ्या हातचा असता. सिनरच्या फिजिओला नावे ठेवणारा मी, मीही तेच केले होते.

वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत, पाच हजारांहून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत दोषी नमुन्यांचे प्रमाण भारतात सर्वाधिक होते. त्यात मुद्दाम घेणारे असतील, तसेच अजाण मुले आणि आमच्यासारखे अजाण आजोबाही असतील. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत मुले पोहतात, धावतात, मल्लखांब आणि कुस्ती खेळतात. म्हणून चार गोष्टी सुचवतो.

१. मूल स्पर्धेत उतरत असेल तर कोणत्याही डॉक्टरला औषध घेण्याआधी तसे सांगा.
२. औषधातील घटकाचे नाव तपासा. बाटलीवरचे ब्रँडचे नाव पुरेसे नाही. राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे 'नाडा'ने, त्यासाठी मोबाइल ॲप उपलब्ध केले आहे.
३. दम्यासारखा खरा आजार असेल तर औषध बंद करू नका. वैद्यकीय कारणासाठी रीतसर परवानगी मिळण्याची सोय नियमांत आहे.
४. जिममध्ये किंवा मैदानावर कोणी पावडरचा डबा दिला तर "नैसर्गिक आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्विआतेकला एक महिन्याची बंदी झाली ती झोपेसाठी घेतलेल्या मेलाटोनिनच्या दूषित गोळीमुळे.

नातीला मी उत्तर दिले, पण पाच महिन्यांनी. म्हटले, "उपलब्ध कागद पाहता सिनरने फसवलं असं म्हणता येत नाही. त्याच्या माणसांनी निष्काळजीपणा केला आणि त्याची किंमत त्याने भरली. ती पुरेशी होती का, यावर दोन मतं असू शकतात. बॅकहँड मात्र त्याचाच आहे."

ती म्हणाली, "आणि ते सिरप?"

ते मी तिच्यासमोरच बेसिनमध्ये ओतून टाकले. आता घरात तिच्यासाठी औषध आले की लेबल आधी ती वाचते, मग मी. बँकेत आम्ही याला दुहेरी तपासणी म्हणत असू.

आपले अनुभव आणि मते मंडळाला अवश्य कळवावीत. मुलांना खेळायला घालणाऱ्या पालकांनी तर जरूर.